फोटोपुरता पट्टा

आमच्या गाडीत पुढच्या सीटचा पट्टा कायम लावलेला असायचा. माणूस बसलेलं असो नाहीतर नसो. सीटच्या पाठीमागून फिरवून त्याची जीभ खटक्यात अडकवून टाकलेली, आणि आम्ही त्याच्यावर पाठ टेकून बसायचो. का, तर पट्टा लावला नाही की गाडी टुंटुं करते, आणि ते टुंटुं गाडीवाल्या सरांच्या डोक्यात जातं. गाडी शहाणपणाचं सांगत होती, म्हणून तिचं तोंड बंद केलं. आजही कुणाच्या गाडीत असा मागून अडकवलेला पट्टा दिसला की मला शिसारी येते आणि मी ते तोंडावर बोलते. लोक म्हणतात, बाई हल्ली फार तुसड्या झाल्यात. झालेय.

आम्ही पाच शिक्षक. राहायला सगळे जव्हारला, शाळा खोडाळ्याच्या पुढं एका पाड्यावर. एसटीच्या वेळा आणि शाळेची वेळ यांची कधी गाठ पडत नाही, म्हणून एका सरांच्या गाडीतून रोज जाऊन-येऊन. सर चालवायचे, मागं तिघं गुरुजी, पुढं मी, आणि माझ्या मांडीवर माझी साडेतीन वर्षांची मुलगी. नवरा नोकरीला वाड्याला, सासूबाई पोशेऱ्याला त्यांच्या भात-नागलीच्या पाठीमागं. मुलीला ठेवणार कुठं? शाळेच्या शेजारीच अंगणवाडी होती, तिथं तिला सोडायचं नि संध्याकाळी परत न्यायचं, असं चाललं होतं.

ती पुढं का, तर ओकते म्हणून. आमच्याकडच्या रस्त्याची वळणं ज्यांनी खाल्लीत त्यांना सांगायला नको. मोखाड्याच्या अलीकडंच तिचं तोंड पांढरं पडायचं. पोटाला वर्तमानपत्र लावून पाहिलं, लिंबू हुंगवलं, आवळासुपारी चघळायला दिली, काही उपयोग नाही. एकदा मागच्या सीटवर एका गुरुजींच्या पँटवर सकाळचा दूध-भात जसाच्या तसा बाहेर आला. तेव्हापासून सगळ्यांनी एकमतानं ठरवलं की बाईंनी पुढं बसावं. लेकराला पुढं खिडकीशी धरलं, समोरचा रस्ता दिसला की मळमळत नाही, हे आमच्या भागात सगळे सांगतात आणि सगळे तसंच करतात. जीपमध्ये बघा, इकोमध्ये बघा, पुढच्या काचेला नाक लावलेलं एक पोर असतंच. आमची तर समोरच्या फळीवर पाय ठेवून बसायची. त्या फळीवर ठळक अक्षरांत एअरबॅग लिहिलेलं. तिच्या चपलांचा चिखल त्या अक्षरांवर वाळायचा आणि मी तो नखानं खरवडून काढायचे. मास्तरीण असून अक्षरं वाचायची नाहीत, फक्त पुसायची!

कुणी काही म्हणालंच तर माझं उत्तर ठरलेलं होतं. मी धरलंय ना. आईच्या हातापेक्षा घट्ट काय असतं?

माझा भाऊ पुण्याला असतो. दिवाळीला आला तेव्हा त्यानं हे बघितलं आणि माझ्याशी भांडला. जाऊन महिन्याभरात त्यानं भाचीसाठी गाडीत बसवायची खुर्ची पाठवली. चांगली जाड, दोन खांद्यांवरून पट्टे, पोटाशी लाल बटण. ही मागच्या सीटवर गाडीच्या पट्ट्यानं आवळायची आणि पोरीला तिच्यात बसवायचं, पुढं कधीच घ्यायचं नाही, असं त्यानं फोनवर दोनदा बजावलं. मुलीला खुर्ची इतकी आवडली की ती तिच्यात बसूनच जेवायला लागली. खटका आपला आपण लावायला शिकली. खट् झालं की हसायची.

सासूबाई आल्या होत्या तेव्हा, त्यांनी कपाळाला हात लावला. म्हणाल्या, "बांधून काय ठेवतेस पोरीला? ढोर हाय का ती?" मी हसले. आत कुठंतरी मलाही ते पटलंच होतं, हे आता कबूल करते.

सरांना विचारलं तर सर म्हणाले, मॅडम, खुर्चीनं दीड माणसाची जागा जाणार, मग तिघांतल्या एकाला डिकीत बसवू का? तिघं हसले. आणि बांधणार कशानं, मागचे पट्टे तर सीट कव्हरच्या खाली गेले. जव्हारला ज्याच्याकडं कव्हरं शिवली त्या कारागिरानं विचारलं होतं म्हणे, की पट्ट्यांना भोकं ठेवू का. सरांनीच सांगितलं, आत दाबून टाका, उगीच टोचतात. त्या बिचाऱ्यानं दोनदा विचारलं, असंही सर कौतुकानं सांगायचे, जणू स्वतःच्या ठामपणाचा किस्साच. मी यावर काय केलं? काही नाही. रोजची सोबत, रोजची गाडी, कशाला वाकडं घ्या. खुर्ची टीव्हीसमोर ठेवली.

मग जानेवारीत रस्ता सुरक्षेचा कार्यक्रम आला. वरून फर्मान, शाळाशाळांतून प्रभातफेरी, शपथ, घोषणा, आणि सगळ्याचे फोटो ग्रुपवर. आमच्या सरांना असल्या कामाचा भारी हुरूप. ज्या पाड्यावर दिवसाला दोन मोटारी येतात तिथल्या पोरांकडून त्यांनी सीट बेल्टच्या घोषणा पाठ करून घेतल्या. आदल्या दिवशी मला म्हणाले, तुमची ती खुर्ची उद्या घेऊन या, फोटोत चांगली दिसेल.

आणि मी घेऊन गेले की! डिकीत टाकून. त्या सकाळी पोरगी नेहमीसारखी माझ्या मांडीवर, आणि तिची खुर्ची पाठीमागं डिकीत, वह्यांच्या गठ्ठ्यावर उताणी. काखेत कळसा म्हणतात ते हेच.

शपथ झाली. मग गाडी शाळेच्या अंगणात आणून फोटोचा सोहळा. मी पुढचा पट्टा पाठीमागून सोडवून पहिल्यांदा अंगावरून घेतला. शी! इतकी वर्षं पुढं बसणाऱ्या सगळ्यांच्या पाठींचा घाम, तेल, धूळ त्यात मुरलेली. पट्टा राखाडी होता की काळा, सांगता आलं नसतं. माझ्या फिकट पिवळ्या साडीवर खांद्यापासून कमरेपर्यंत मळाचा तिरपा पट्टा उमटला. मागच्या सीटवर खुर्ची नुसतीच ठेवली. मी म्हटलं, बांधायला हवी ना. सर म्हणाले, फोटोत बांधलेलं कुठं दिसतंय! मुलीला तिच्यात बसवलं, तिनं खट् करून स्वतःच खटका लावला आणि दात दाखवून हसली. दोन मिनिटांत फोटो झाला.

मग खुर्ची परत डिकीत टाकायची वेळ आली तेव्हा पोरगी उतरेना. खुर्चीचे पट्टे दोन्ही हातांनी धरून बसली. घरी जातानाही हिच्यातच बसणार म्हणाली. मी आधी समजावलं, मग डोळे वटारले, मग सगळे बघताहेत म्हणून चिडून लाल बटण दाबलं आणि तिला ओढून बाहेर काढली. ती रडली. शपथ घेऊन अर्धा तासही झाला नव्हता. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, स्वतः कोरडे पाषाण, ही म्हण मी वर्गात किती वर्षं शिकवतेय, मलाच ठाऊक.

परतीला खोडाळ्याचा बाजार होता. रस्त्यात गर्दी, म्हणून सर काही फार जोरात नव्हते, हे मी देवाशपथ सांगेन. मी बाजारातून पावशेर बोरं घेतली होती, ती मुलीच्या ओटीत. पुढचा पट्टा सरांनी शाळेतून निघतानाच पुन्हा मागून अडकवून टाकला होता. मागचे तिघं ग्रुपवर फोटोला कोण काय म्हणतंय ते वाचत होते. गाव मागं पडलं, एक वळण आलं, आणि करवंदीच्या जाळीतून एक वासरू उड्या मारत रस्त्यावर आलं. सरांनी करकचून ब्रेक दाबला.

एवढंच झालं. वासरू वाचलं, गाडीला खरचटलंसुद्धा नाही. पण माझ्या हातात मुलगी नव्हती.

मी तिला सोडली नव्हती. मला हे हजारदा सांगावंसं वाटतं, की मी सोडली नव्हती. माझे दोन्ही हात तिच्या पोटाभोवती होते आणि पुढच्या क्षणी ते रिकामे होते, मी स्वतः कपाळानं काचेवर आपटले होते, आणि ती खाली माझ्या पायांपाशी पडलेली, बोरांमध्ये. आधी आवाजच नाही. मग तिनं श्वास घेतला आणि जी किंकाळी फोडली ती ऐकून मला बरं वाटलं. पोरीच्या किंकाळीनं बरं वाटावं, अशी वेळ वैऱ्यावरही नको.

हनुवटी फाटली होती. पुढचे दोन दुधाचे दात गेले, ओठ आतून चिरला. ज्या अक्षरांवर ती पाय ठेवून बसायची त्यांच्यावर रक्त होतं. मी तिला छातीशी धरली तेव्हा ते रक्त साडीवरच्या त्या मळाच्या पट्ट्यावर सांडलं.

मोखाड्याच्या दवाखान्यात डॉक्टर तरुण होते. टाके घालता घालता त्यांनी विचारलं, मूल कुठं बसलं होतं, पट्टा होता का. आम्ही पाचही जण फरशीकडं बघायला लागलो. पोरांना उत्तर येत नाही तेव्हा ती बघतात, अगदी तशीच. सर म्हणाले, ब्रेक जरा जोरात लागला. डॉक्टर काही रागावले नाहीत. एवढंच म्हणाले की ती समोरची हवेची पिशवी उघडली नाही हे नशीब समजा, मांडीवरच्या मुलाला ती सरळ मानेवर बसते, आणि मग टाके घालायला काही राहत नाही. मेल्याहून मेल्यासारखं होणं काय असतं ते मला तिथं कळलं.

बाहेर बाकड्यावर बसले तर पदराच्या गाठीतला फोन थरथरायला लागला. ग्रुपवर आमचा फोटो. पट्टा लावून मी, खुर्चीत माझी लेक, सगळे दात दाखवत. त्याच्याखाली अंगठे, टाळ्या, फुलं. उत्कृष्ट उपक्रम. आदर्श शाळा. कौतुकास्पद. मी दवाखान्याच्या कोपऱ्यात जाऊन ओकले. माझ्या पोरीला जे रोज व्हायचं ते मला वळण नसताना झालं. त्या फोटोची किळस आली, सरांची आली, आणि सगळ्यात जास्त त्या पिवळ्या साडीतल्या बाईची आली.

आठवड्यानं शाळेत गेले. सगळ्यांनी विचारपूस केली, नशीब थोडक्यात निभावलं वगैरे. आमच्याकडं खिचडी शिजवणारी पाड्यावरची मावशी आहे. तिचं तान्हं मूल तिच्या पाठीशी फडक्यात बांधलेलं असतं, ती पाणी आणते, लाकडं फोडते, आवणीच्या दिवसांत भात लावायला चिखलात दिवसभर वाकते, पण ते फडकं कधी सैल झालेलं मी पाहिलेलं नाही. ती माझ्या मुलीच्या हनुवटीकडं बघत राहिली. मग तिनं अगदी साधेपणानं विचारलं, "बांधली नव्हती का, बाई?"

ढोरासारखी बांधायची का म्हणणारी माझी सासू, दीड माणसाची जागा मोजणारे सर, मी धरलंय ना म्हणणारी मी, आम्ही सगळे शिकलेसवरलेले किंवा शिकलेल्यांच्या घरातले. जी शाळेची पायरी फक्त भांडी घेऊन चढलेली, तिला पोर बांधायचं असतं हे ठाऊक होतं. मी पातेल्यावरचं झाकण उगीच उचलून परत ठेवलं.

सरांनी नंतर कव्हरं कापली, बैल गेला नि झोपा केला. मी समोर उभी होते. ब्लेडनं शिवण उसवल्यावर मागचे पट्टे बाहेर आले तेव्हा त्यांच्याबरोबर मेलेली झुरळं निघाली, चण्याची सालं, आणि वाळून खवले झालेला माझ्या मुलीचाच कधीचा दूध-भात. सरांनी नाक धरलं. मी धरलं नाही. फिनेल आणि गरम पाणी घेऊन एकटीनं ते सगळं धुतलं आणि तिची खुर्ची आवळून बसवली, हलवून बघितली, हलली नाही. तिघांतले एक गुरुजी आता मोटारसायकलनं येतात. ते माझ्याशी बोलत नाहीत. न बोलोत.

आता मी मागं तिच्या शेजारी बसते, माझा पट्टा लावून. पुढं जो बसतो त्याचाही पट्टा त्याच्या अंगावरून असतो, नाहीतर मी गाडी हलू देत नाही. ती अजून ओकते. मांडीवर पिशवी तयार ठेवते, तोंड पुसते, पाणी देते, वास येतो तर येऊ दे. सर काच खाली करतात.

ती मात्र माझ्या मांडीवर येत नाही. गाडीतच नव्हे, घरातसुद्धा. परवा मोखाड्याच्या अलीकडं वळण आलं, सरांनी जरासा ब्रेक लावला, आणि माझा हात सवयीनं तिच्या पोटावर गेला. तिनं तो दोन बोटांनी उचलून बाजूला ठेवला.

"तू नको धरू," म्हणाली. "हा धरतो." आणि खांद्यावरचा पट्टा ओढून तिनं मला दाखवला.