बिल्ल्यावरचं वय

आमच्या तोंग्यंगच्या बंदरावर किंबापच्या, म्हणजे समुद्रशेवाळात गुंडाळलेल्या भाताच्या, अकरा टपऱ्या आहेत आणि अकराही पाट्यांवर 'मूळ दुकान' लिहिलंय. माझ्यासुद्धा. म्हणून ब्योलवर काय गुदरलं ते मला चटकन समजलं.

नाम ब्योल माझ्या माडीवर राहते. धुकं पडलं की बेटांवर जाणारी बोट सुटणार की नाही, हे फोनवर सांगणारा प्रोग्राम तिनं एकटीनं केला. त्याच्या इंटरनेटवरच्या पानावर वरच्या बाजूला एक हिरवा बिल्ला आहे: 'वय सात वर्षं'. तो म्हणे प्रोजेक्टला त्याची जन्मतारीख विचारतो आणि त्यावरचं वय आपलं आपण वाढतं.

तिच्या जुन्या ऑफिसातल्या प्यो दो-ग्युननं ते सगळंच उचललं. तिचं नाव पुसून स्वतःचं घातलं आणि बोटींची खबर दाखवायला बंदरावर लागणाऱ्या मोठ्या पडद्यासाठी बोटवाल्यांच्या संघापुढे ठेवलं. ब्योलनं फोन केला तर म्हणतो, "पोरी, पुरावा काय?"

मी म्हटलं, "चल, त्याच्या दारात बोंब मारू."

ती मुळ्याची फोड चावत हसली. "आजी, त्यानं बिल्लाही जसाच्या तसा चोरलाय. तो अजून माझ्याच प्रोजेक्टचं वय विचारतो. त्यावर बोट ठेवलं की माझं पान उघडतं."

"अगं, मग सांग त्याला!"

"का म्हणून? चढू दे चांगला वर."

संघाच्या बैठकीत दो-ग्युन सूट घालून उभा. "सात वर्षं घाम गाळलाय! हा बिल्लाच बघा."

मागून ब्योल साखरेच्या आवाजात म्हणाली, "दादा, जरा दाबा की त्यावर."

त्यानं दाबलं. भिंतीवर तिचं पान, तिचं नाव.

"ते... पोरी, आपण मिळूनच..."

"मिळून? मग तुमच्या प्रोजेक्टचं खरं वय लावा. आत्ता, इथंच."

सगळे बघत होते. त्यानं बिल्ला बदलला: 'वय तीन महिने'.

अध्यक्ष मा काका टेबलावर थाप मारून हसले. "तीन महिन्यांचं तान्हं, आणि सात वर्षांच्या ताईला पोरी म्हणतंस? वाक आधी!" पडदा तिथल्या तिथे ब्योलच्या नावावर झाला.

दो-ग्युन कमरेत वाकून राहिला. आमच्यात थोरल्यानं, म्हणजे इथं तिनं, मान हलवली की मगच त्यानं उठायचं. ती हलवेचना.

मी कोपरानं ढोसलं, "पुरे गं आता."

"असू दे आजी," ती म्हणाली, "कंबर तरुण आहे त्यांची."