चेस्टनटची लाल टिकली

जर्मनीत आखनमध्ये आम्ही राहायचो त्या वस्तीखालून एक ओढा वाहायचा. खालून म्हणजे खरोखरच जमिनीखालून. पूर्वी कधीतरी त्याला पाइपात कोंबून वरून रस्ता केला होता. शहराने आणि आमच्या विद्यापीठाने मिळून तो पुन्हा उघडा करायचं ठरवलं. कुठून आणि कसा, ते वस्तीतल्या लोकांना विचारून ठरणार होतं. जर्मन माणूस एकदा विचारायला लागला की सोडत नाही. मी तेव्हा तिथे पीएचडी करत होते, त्यामुळे दारोदार फिरून विचारायचं काम माझ्या गळ्यात पडलं.

त्याच उन्हाळ्यात सासूबाई आल्या. सासरे जाऊन वर्षही झालं नव्हतं. पुण्यात एकट्या नकोत म्हणून नवऱ्याने त्यांना जवळजवळ उचलूनच आणलं. आधीच्या खेपेला त्यांनी आमचं घर डोक्यावर घेतलं होतं; आता त्या चहा ठेवायच्या आधीसुद्धा "ठेवू ना?" म्हणून विचारायच्या. ते ऐकलं की मला रडू यायचं.

घरात नवी वस्तू आली की तिला हळदकुंकू लावल्याशिवाय त्या कुणाला हात लावू देत नसत. त्यांच्या पुण्याच्या फ्रिजवर कुंकवाचा डाग अजून आहे. आम्ही वॉशिंग मशीन आणलं तेव्हा मी सवयीने करंडा त्यांच्यापुढे धरला. त्या मागे सरकल्या.

"तू लाव," म्हणाल्या.

"अहो आई, असं काही नसतं."

"असतं," म्हणाल्या आणि आत निघून गेल्या. मला संताप आला. त्यांचा नाही, त्यांच्या डोक्यात हे भरवणाऱ्या बायकांचा. पण त्या सगळ्या पुण्यात होत्या, आणि मी हातात करंडा घेऊन मशीनसमोर उभी होते.

त्यांचा जीव रमला तो एकाच ठिकाणी, घरामागच्या चेस्टनटच्या झाडाखाली. तिथे एक बाक होता आणि त्यावर तळमजल्यावरच्या जर्मन आजी बसायच्या. त्यांचेही यजमान गेलेले. दोघींना एकमेकींचं अक्षरही कळत नव्हतं. आजी जर्मनमध्ये काहीतरी सांगायच्या, आई मराठीत "हो ना, माझेपण गुडघे तसेच" म्हणायच्या, आणि तासभर गप्पा चालायच्या. पुढे पुढे आई फोनवर नणंदेशी बोलतानाही आजींसारखं "या, या", म्हणजे हो, हो, म्हणायला लागल्या. नणंदेला वाटलं, बोलावतायत. त्या दिवशी आई किती तरी महिन्यांनी हसल्या.

मग वस्तीची बैठक ठरली. शाळेच्या हॉलमध्ये भिंतभर नकाशा लावायचा आणि लोकांनी त्यावर कागदी गोल चिकटवायचे. जे जपायचं त्यावर हिरवा, जे नको त्यावर लाल. आमच्या घरी त्या गोलांना मी टिकल्याच म्हणायचे. आदल्या दिवशी आईंनाही म्हटलं, "उद्या सगळे आपापल्या आवडत्या जागेला टिकल्या लावणार आहेत. तुम्हीही चला." रंगांचा नियम काय तो तिथे सांगितला, पण जर्मनमध्ये.

लोक रांगेने येऊन गोल लावत होते. आई आजींचा हात धरून नकाशापर्यंत आल्या. आजींनी त्यांना चेस्टनट कुठे आहे ते बोटाने दाखवलं. आईंनी टेबलावरच्या टिकल्यांकडे पाहिलं, त्यातली लाल उचलली आणि बरोब्बर झाडावर लावली. अंगठ्याने दाबली. मग अर्धवट हात जोडले.

करंड्याला शिवायला न धजणाऱ्या बाईने आपण होऊन कुंकू लावलं होतं. तेवढ्यात शहराच्या कचेरीतल्या बाईंनी मला विचारलं, यांना ते झाड नकोय का? मी घाईघाईने सांगितलं की नाही, उलट फार आवडतं, आमच्याकडे लाल रंग शुभ असतो. "आख सो," म्हणजे असं होय, त्या प्रेमाने म्हणाल्या. त्यांनी पुढे होऊन लाल टिकली नखाने अलगद काढली, तिथे हिरवी लावली आणि आईंकडे बघून हसल्या. आईही हसल्या. कसं ते मला सांगता येत नाही.

घरी येताना त्यांनी विचारलं, "ते पुसलं का गं?"

मी समजावलं, इथे लाल म्हणजे नको, हिरवं म्हणजे हवं. "असं होय," म्हणाल्या.

झाडावर सगळ्यांत जास्त हिरव्या टिकल्या होत्या. पण ओढ्याची वाट नेमकी झाडाखालून जात होती, म्हणून शहराने आणि आम्ही तो वळवून नेता येईल का तेही पाहिलं. तपासणीत मात्र खोड आतून पोकळ निघालं, आणि हिवाळ्यात झाड तोडायचं ठरलं. मी आईंना हे नीट सांगितलं, पोकळ खोडाचा फोटोही दाखवला. त्यांनी तो चष्मा लावून बघितला आणि परत दिला. करवत चालू झाली तेव्हा दोघी म्हाताऱ्या आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीत उभ्या होत्या. आजी मोठ्याने रडल्या. आई त्यांच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या. त्यानंतर बाकावर जायचं कारणच उरलं नाही, आणि महिन्याभरात त्या पुण्याला परत गेल्या.

ओढा मात्र छान झाला. लोक पोरांना घेऊन यायला लागले, आणि काठावर शहराने चेस्टनटचं नवं रोप लावलं. मला वाटलं, ही बातमी ऐकून आई खूश होतील. कॉलिंग कार्डाचे लांबलचक आकडे दाबून मी फोन लावला.

"रोपाला कुंकू लावलंस का?" त्यांनी विचारलं.

"तुमच्यासाठी ठेवलंय. तुम्ही आलात की तुमच्या हाताने लावा."



"नको गं," त्या म्हणाल्या. "तूच लाव. माझ्या हातचं कुंकू टिकत नाही."