सीटखालची ऊब

हे मी बायकोलासुद्धा सांगितलेलं नाही. दादाला तर नाहीच नाही. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही — ओळखत असता तर सांगितलं असतं का? कोण जाणे. तेवढा विचार करायचंही मी आता सोडलंय.

मी गाड्यांचा इलेक्ट्रिशियन. डिचोलीत माझं दुकान आहे. बॅटरी, स्टार्टर, वायरिंग — जुन्या गाडीत करंट कुठे गळतो ते शोधण्यात माझा हात धरणारा कोणी नाही, असं लोक म्हणतात. हे आधीच सांगून ठेवतो. नाहीतर पुढे तुम्ही म्हणाल, कळलं नसेल बिचाऱ्याला. कळलं होतं.

माझा थोरला भाऊ, दादा, आमच्या इब्रामपूरच्या घरी राहतो. त्याने एक जुनी गाडी घेतली होती. तो स्वतः कामाला मोटारसायकलवर जायचा, गाडी त्याला फक्त रविवारी देवळात जायला लागायची. बाकी सगळा आठवडा ती वयनी, म्हणजे दादाची बायको, चालवायची. वयनी अंगणवाडीत होती, तीही डोंगरापलीकडच्या गावात, जिथे बस सकाळी एक आणि संध्याकाळी एक. चाळिशीत गाडी शिकली ती. पहिल्यांदा एकटीने गाडी काढली तेव्हा शेजारच्या बायका हातातलं काम टाकून बघायला आल्या होत्या. वयनी त्यांच्याकडे न बघता निघून गेली, आणि वळणावर पोचल्यावर उगाच हॉर्न वाजवला. मी तिथे होतो. हसलो होतो.

मग एका वर्षी चवथीच्या, म्हणजे गणपतीच्या, आदल्या दिवशी दादाने गाडी दुकानात आणली. गाणी मोठ्याने वाजली पाहिजेत म्हणाला. मी सीटखाली अँप्लिफायर बसवला. त्याला एक बारीक वायर असते, ती किल्लीवर जोडायची, म्हणजे किल्ली काढली की तो बंद. दुकानात गर्दी होती. मी ती सरळ बॅटरीच्या चालू लाईनला जोडली. चवथ झाली की बदलू, म्हटलं. आणि विसरलो.

हा माझा गुन्हा नव्हे. विसरणं सगळ्यांचंच होतं. तेवढ्यासाठी मी तुमचा वेळ घेतला नसता.

झालं असं, की वयनी शुक्रवारी संध्याकाळी गाडी आणून लावायची. शनिवारभर गाडी उभी. रविवारी दादा आंघोळ करून, नैवेद्याचा डबा घेऊन किल्ली फिरवायचा — टक्. नुसतं टक्. एक रविवार, दुसरा रविवार. शेवटचा हात कोणाचा लागलेला? वयनीचा. मग लाईट चालू कोणी ठेवली असणार?

तिसऱ्या रविवारी मला बोलावलं. दादाने रात्रीच बॅटरी गाडीत चार्जला लावून ठेवली होती, ती चांगली होती. मी तिची एक वायर काढून मध्ये बल्ब धरला. किल्ली काढलेली, दारं बंद, तरी बल्ब पेटला. म्हणजे करंट जातोय. एकेक फ्यूज काढत गेलो, जो काढल्यावर विझेल तिथे गळती; पण बल्ब काही विझेना. मग मी फ्यूज खाली ठेवले. कारण फ्यूजच्या डब्यातून न जाणारं त्या गाडीत एकच काम होतं, आणि ते माझं होतं. सीटखाली हात घातला. गाडी दोन दिवस उभी होती, तरी अँप्लिफायरचा पत्र्याचा डबा ऊबदार लागत होता.

सांगायला किती वेळ लागला असता? दादा रागावला असता, चारचौघांत दोन दिवस माझी खेचली असती. बस्स. पण दादा गावभर सांगायचा, आमचा भाऊ म्हणजे काय. ते मला आवडायचं. एवढंच कारण. याहून मोठं काही सापडतंय का ते मी पुष्कळ शोधलं.

दादाने विचारलं, काय झालं? मी हात पुसत म्हटलं, लाईट राहिली असेल.

वयनी पायरीवर चहा घेऊन उभी होती. ती जवळ आली आणि हळूच म्हणाली, "भावजी, खरांच माज्याकडसून रवली काय ओ लायट?" तिला नक्की आठवत होतं, तिने बंद केली होती. ते तिच्या तोंडावर दिसत होतं. फक्त मी नाही म्हणायचं होतं.

"रवली आसतली," मी म्हटलं.

दादाने किल्ली शर्टाच्या खिशात टाकली. चहा झाला, ती दोघं आत गेली, आणि मी ती वायर किल्लीवर घेतली. दोन मिनिटांचं काम.

आता बघा काय झालं. त्या दिवसापासून बॅटरी एकदाही उतरली नाही. वयनीच्या हातात गाडी नाही, गाडी आठवडाभर उभी, आणि रविवारी अर्ध्या किल्लीत सुरू. दादा येईल त्याला हे सांगायचा, दाखवायचा. मी केलेली दुरुस्तीच तिच्याविरुद्ध पुरावा झाली. वर्षभर तिने बसच्या वेळा सांभाळल्या, मग अंगणवाडी सोडली. घरातली लाईट बंद केली की परत फिरून बघायला लागली. गॅस बघायची, दार बघायची, परत गॅस.

मी महिन्यातून दोनदा त्यांच्याकडे जेवायला जातो. ती मला आठवणीने सोलकढी वाढते.

यंदा चवथीला पुतणी आपली नवी गाडी घेऊन आली. आईच्या हातात किल्ली ठेवून म्हणाली, आई, एक चक्कर मारून ये. वयनीने किल्ली परत तिच्या हातात दिली. "नको गो बाय, माज्या काय ध्यानात रवणा नाय," ती म्हणाली, आणि हसत माझ्याकडे बोट केलं. "इचार भावजींका. तेंका म्हायती आसा."

पुतणीने माझ्याकडे बघितलं. मी मान डोलावली.