तिसऱ्या कपाटाचे कुलूप

"या बाईच्या घरात टीव्ही लावायलासुद्धा अर्ज करावा लागत असेल," असे आमच्या इमारतीत म्हणत. जिन्याखाली कुणी स्कूटर चार्जिंगला लावून वर गेला, की या बाई प्लग काढत, वायर नीट गुंडाळत आणि त्याच्या दाराशी जाऊन ती त्याच्या हातात ठेवत. "आग लागली तर पळायची वाट हीच आहे ना? मग इथे नको," एवढेच बोलत. मुलांनी त्यांचे नाव फ्यूजकाकू ठेवले होते. मोठ्यांनीही ते उचलले. त्यात मीही होतो, हे आधीच कबूल करतो.

काकू एका मोठ्या रुग्णालयात बॅटरी विभागात तंत्रज्ञ होत्या. वीज गेली की जनरेटर पुरता सुरू होईपर्यंत सारे रुग्णालय तळमजल्यावरच्या त्यांच्या खोलीतील बॅटऱ्यांवर चाले. त्या खोलीच्या बरोबर वर अपुऱ्या दिवसांच्या बाळांचा कक्ष होता. बावीस वर्षे त्या रोज सकाळी, तापलेल्या लेकराचे कपाळ पाहावे तसा, प्रत्येक बॅटरीला हात लावून पाहत आणि मग तापमापकाचा आकडा वहीत लिहीत.

पुढे जुन्या बॅटऱ्या गेल्या आणि लिथियम बॅटऱ्यांची तीन उंच कपाटे आली. सोबत भिंतीवर एक पॅनल आले. त्यावर तापमान आपोआप दिसे, आणि सगळे ठीक असले की हिरवा दिवा लागे. देखभाल विभागाचे इंजिनिअर म्हणाले, "ताई, हात लावायचं काम संपलं. हिरवं दिसलं की सही करायची, बस."

काकूंनी वही बंद केली नाही. पाचव्या आठवड्यात तिसऱ्या कपाटाच्या खालच्या ओळीवर त्यांचा हात थबकला. पॅनल अठ्ठावीस अंश सांगत होते. त्यांचा तापमापक एक्कावन्न. एका बॅटरीची कड किंचित फुगलेली होती; अशी बॅटरी तापत गेली की पेट घेते. त्यांनी मागचे झाकण काढले. आत मण्याएवढे बारा सेन्सर होते, प्रत्येक बॅटरीला एकेक चिकटवण्यासाठी. वायरी आखूड पडल्या असाव्यात. बसवणाऱ्याने साऱ्यांची जुडी करून ती पंख्याच्या तोंडाशी प्लास्टिकच्या पट्टीने बांधून टाकली होती. पाच आठवडे ते पॅनल पंख्याच्या वाऱ्याचे तापमान मोजत होते आणि त्यावर रोज सह्या होत होत्या.

दमलेल्या माणसाने घाईत बांधलेली ती जुडी मी समजू शकतो. त्यानंतर जे झाले त्याची चीड आजही माझ्या मनातून जात नाही.

इंजिनिअर आले. वाकून आत पाहिले, उभे राहिले, पॅनलकडे पाहिले.

"पॅनल प्रमाणित आहे, ताई. तुमचा तापमापक कधी तपासलाय?"

"परवा. कपाट बंद करा."

"बंद केलं तर अर्ध्या तासाचा बॅकअप वीस मिनिटांवर येतो. नियमाला अर्धा तास लागतो. पुढच्या आठवड्यात कंपनीचा माणूस येतोय, तेव्हा बघू."

"तोवर बॅटरीला थांब म्हणून कोण सांगणार? तुम्ही?"

"तुम्ही आजच्या तक्त्यावर सही तेवढी करा."

काकूंनी सही केली नाही. त्यांनी तिसऱ्या कपाटाचा स्विच खाली ओढला आणि त्यावर आपले लाल कुलूप घातले. त्यांच्या कामात अशी रीत आहे की, धोका पाहून ज्याने स्विच पाडला त्याचेच कुलूप त्यावर लागते, आणि ते त्यानेच काढायचे. दुसरी किल्ली केलेलीच नसते.

बॅकअप नियमापेक्षा कमी, म्हणून रुग्णालयाने आधी ठरलेल्या शस्त्रक्रिया पुढे ढकलल्या आणि काकूंना निलंबित केले. पुढे ढकललेल्यांत दुसऱ्या मजल्यावरच्या शेजाऱ्याच्या वडिलांचा डोळाही होता. तो शेजारी काकूंच्या दारात येऊन उभा राहिला.

"चार महिने थांबलेत माझे वडील. तुमची किल्ली सापडत नाहीये का?"

"सापडते. या खिशात आहे."

"तिला विचारून काही उपयोग नाही," काकूंच्या सासूबाई आतून म्हणाल्या. "माझ्या गरम पाण्याच्या पिशवीवरसुद्धा तिची सही लागते."

जिन्यात सगळे हसले. दार लागल्यावर सासूबाईंनी हळूच विचारले, ते भिंतीपलीकडे आम्हाला ऐकू आले. "नोकरी जाईल का गं?"

"जाईल बहुतेक, आई."

"मग उद्या डबा करू का नको?"

"करा. जाऊन बाहेर बसेन."

आणि त्या रोज जाऊन रुग्णालयाच्या फाटकाबाहेरच्या बाकावर बसल्या.

आत व्यवस्थापकांनी कुलूप तोडण्याचा हुकूम काढला. कटर आला. पण तोडणाऱ्याने आपल्या जबाबदारीवर तोडतो असे लिहून खाली सही करायची होती. इंजिनिअरने फोरमनकडे बोट दाखवले, फोरमनने इंजिनिअरकडे. दहा दिवस तो कटर टेबलावर पडून राहिला. हिरव्या दिव्यावर एवढा भरवसा असलेल्या माणसांच्या हातून एक सही होईना! वायरी लांब करून खालच्या ओळीपर्यंत नेणे हे एका दिवसाचे काम होते. ते केले असते तर चूक कुणाची, हे कागदावर आले असते. म्हणून तेही केले गेले नाही. त्यापेक्षा एका बाईला हट्टी ठरवणे सोपे होते, आणि त्या कामात आमच्या इमारतीने फुकटचा हातभार लावला.

अकराव्या दिवशी चौकशी ठेवली. सोबत एक माणूस आणायची मुभा होती. काकूंनी मला नेले. मी त्यांच्यासाठी दोन पानी निवेदन लिहिले होते, अतिशय सभ्य. ते त्यांच्या पर्समध्ये घडी घातलेलेच राहिले.

व्यवस्थापकांचा आवाज मऊ होता. "बाई, अकरा दिवस झाले. आग नाही, धूर नाही. मग धोका होता कुठे?"

"बंद कपाटाला आग लागत नाही, साहेब."

"पॅनलवर एकदाही लाल दिवा लागलेला नाही. आकडे आहेत आमच्याकडे."

"वाऱ्याचे आकडे आहेत."

इंजिनिअर खिडकीबाहेर पाहत होते. व्यवस्थापकांनी एक कोरा कागद पुढे सरकवला, त्यावर पेन ठेवले. "हे बघा, तुम्हाला घरी बसवण्यात आम्हाला आनंद नाही. गैरसमजातून चूक झाली, एवढी एक ओळ लिहा, किल्ली इथे ठेवा आणि उद्यापासून कामावर या. वर बाळांच्या कक्षातसुद्धा कुणाची काही तक्रार नाही."

काकूंनी कागदाला हात लावला नाही. त्या उठल्या, खुर्ची सरळ केली आणि म्हणाल्या, "किल्ली देते. आधी वरची चौदाही बाळं तुमच्या घरी हलवा, मग खुशाल चालू करा."