मोरपायाखालची टिकली

गेल्या वर्षी शारजाच्या आमच्या दुकानात एक कागद आला. सगळं अरबीत. पण वरच्या कोपऱ्यात आमचा मोरपाय छापलेला होता... तो ओळखायला शाळा लागत नाही.

मोरपाय म्हणजे आमच्या घराची खूण. खुलताबादच्या खालच्या अंगाला आमचं गाव. मेंढरं, सूत, माग, सगळं घरचंच. मेंढराच्या पाठीवर गेरूनं तीन बोटांचा मोरपाय काढायचा, म्हणजे दोन कळप एकात एक झाले तरी आपलं जनावर ओळखू येतं. तोच ठसा आबा, म्हणजे माझे वडील, घोंगडीच्या कोपऱ्याला शिवलेल्या पट्टीवर मारतात.

सातवीनंतर मी शाळेत टिकलो नाही, आणि गावातही नाही. एका जागी बसलो की पाय शिवशिवतात... फिरत फिरत आठ वर्षांपूर्वी इथं चादरी-ब्लँकेटच्या दुकानात लागलो. शेठला विचारून आबांच्या घोंगड्या मांडल्या, तर पाठदुखीवाले विचारत यायला लागले.

तेव्हा शेठच म्हणाले, खूण नोंदवून टाक, नाहीतर दुसरा कुणी नोंदवेल. आपल्याकडची नोंदणी इथं चालत नाही, ज्या देशात विकायचं तिथं वेगळी करावी लागते. मग आबांच्या नावानं मोरपाय नोंदवला... आणि मी विसरून गेलो.

तर तो कागद. याच बाजारातल्या एका व्यापाऱ्याला मशीनच्या ब्लँकेटवर मोरपाय पाहिजे होता. त्याचं म्हणणं, यांनी पाच वर्षं खूण वापरलीच नाही, यांची नोंदणी रद्द करा. नोंदणीचं काम बघणारे एजंट बशीरभाई म्हणाले, नोंदवून विसरायचं नसतं. दहा वर्षांनी पुन्हा नोंदवायची, आणि मधल्या काळात ती जशी नोंदवली तशीच मालावर दिसली पाहिजे.

मी ऐटीत रॅकवरची घोंगडी काढून त्यांच्यापुढं टाकली. त्यांनी पट्टी डोळ्याजवळ नेली...

"भाई, ये नीचे बिंदी किसने लगाई?"

टिकली! नोंदणी झाली त्याच वर्षी आबा आणि थोरले चुलते आण्णा वेगळे झाले, कळप वाटला. आमच्यात चाल अशी की मूळ खूण थोरल्याकडं राहते, धाकटा तिच्याखाली एक टिकली देतो. आबा धाकटे. त्यांनी मेंढरांना टिकली दिली आणि इकडं येणाऱ्या पट्ट्यांवरही दिली... ठसा मारून झाला की बोटानं.

बशीरभाई म्हणाले, टिकली एवढीशीच आहे, पण समोरचा वकील नेमकं तिथंच धरणार. बिनटिकलीचा माल इथं विक्रीला आलेला दाखव.

आता खरं सांगतो. बिनटिकलीचे चार-पाच नग दर पार्सलात यायचे. मला वाटायचं आबा विसरतात, वय झालं. म्हणून मीच लाल मार्करनं टिकली काढून मग माल रॅकवर लावायचो. इतकी वर्षं... स्वतःच्या हातानं!

दोन दिवस जेवण गोड लागलं नाही. शेवटी आबांना फोन लावून सगळं कबूल केलं. आबा म्हणाले,

"तू गाठोडं सोडलं की फोटू टाकतूस नव्हं? मी एक बी पुसला नाय."

पार्सल उघडलं की नगानगाचा फोटो काढून 'पोचलं' म्हणून पाठवायची माझी सवय. मार्कर त्यानंतर. माझे तीन मोबाइल फुटले, फोटो गेले. आबांचा एकच जुना मोबाइल, त्यात सगळे होते... तारखेसकट, मागं दुकानाचा रॅक. बिलं शेठकडं होतीच.

मी म्हटलं, "पण आबा, तुम्ही नेमकी चार-पाचांवरच टिकली विसरायचात कसे?"

"विसरतो कशाला? ती आण्णाची हायेत."

वाटणीत म्होरक्या मेंढा कुणाकडं जायचा यावरून दोघांचं बोलणं बंद झालेलं, ते त्या दिवसापर्यंत.

"माझ्या एकट्याच्यानं एवढा माल व्हत नाय. वहिनी आणून ठिवतात वट्यावर."

मी विचारलं, "आण्णांना माहीत आहे का?"

"नसंल तर काहून इणतोय त्यो इतक्या? त्याच्या घरात पांघरणारी माणसं दोनच."

पण बशीरभाईंना आण्णांच्या सहीचा कागद पाहिजे होता, की हा माल मी भावाला दिला आणि त्याच्याच नावाखाली तिकडं गेला. म्हणजे आबांना आण्णांच्या दारात जाणं आलं... फोन ठेवताना आबा नुसतं "बघतो" म्हणाले.

तिसऱ्या दिवशी काकूंनी, म्हणजे आबांच्या त्याच वहिनींनी, फोटो पाठवला. वट्यावर दोघं भाऊ, एकाच कागदावर वाकलेले. पाठोपाठ आण्णांचा व्हॉइस मेसेज आला: "काय रं, माझ्या घोंगडीवर पेन चालवलास व्हय? ये गावाला, तुझ्याच पाठीवर टिकली देतो!" मागं आबा हसत होते. ते हसू मी लई वर्षांनी ऐकलं.

परवा निकाल लागला. मोरपाय आमचाच राहिला.

मेंढरं कातरली की लोकरीबरोबर खूणही जाते, दर वेळी नव्यानं काढावी लागते. लहानपणी गेरूचं डबडं धरून मीच उभा असायचो... पण नोंदवलेल्या खुणेचंही तसंच असतं, हे कळायला हा कागद यावा लागला.

आज संभाजीनगरहून नवं पार्सल आलं. पाच नग बिनटिकलीचे. मार्कर केव्हाच फेकून दिलाय. फोटो काढले आणि या खेपेला दोघांनाही पाठवले... पोचलं.