हंड्यावरचं नाव

ठाण्याजवळच्या टेमघरला माझ्या सायबर कॅफेला लागूनच सोनलताईंचा फोटो स्टुडिओ होता. पाटीवर लेकीचं नाव : 'पूर्वी डिजिटल'. फोन आला की ताई आधी 'जयभीम' म्हणायच्या, मग स्टुडिओचं नाव सांगायच्या. गिऱ्हाईक घासाघीस करायला लागलं की 'आधी माझे फोटो बघा, मग बोला' असं सुनवायच्या. आपल्या कामाबद्दल बाईंना तिळमात्र शंका नव्हती. मला याचा कधीकधी राग यायचा, कारण बहुतेक वेळा त्यांचंच खरं निघायचं.

खाडीकडच्या गावांतल्या हळदी म्हणजे त्यांचा हातखंडा. दुसरे फोटोवाले नवरीला खुर्चीत बसवून 'स्माईल' म्हणायचे. सोनलताई बायकांच्या घोळक्यात शिरायच्या, लग्नाचे धवले गाणाऱ्या म्हातारीच्या मांडीला मांडी लावून बसायच्या आणि तिथून फोटो काढायच्या. नवरीची आई लेकीला हळद लावताना नजर कशी चुकवते, ते त्यांच्या फोटोत दिसायचं. परत यायच्या तेव्हा कपाळापासून कॅमेऱ्याच्या पट्ट्यापर्यंत पिवळ्याधमक.

२००८ साली मी त्यांना वेबसाइट करून दिली. साइट अगदीच यथातथा होती, पण फोटोंमुळे खपून गेली. त्याच हिवाळ्यात मानकोलीच्या द्रौपदीकाकींच्या मुलीचं, क्षितिजाचं, लग्न ठरलं. लग्न मे महिन्यात. काकींच्या शेतावर आता गोदामं उभी होती आणि अख्खा पट्टा लग्नाला लोटणार होता. हे काम मिळालं तर खाडीच्या दोन्ही काठांवर आपलं नाव होईल, हे ताईंनी ओळखलं होतं. त्यांना ते लग्न हवंच होतं. त्यांनी काकींच्या मुलाला, धनेशला, फोन लावला. तो म्हणाला, ''आमी ठाण्याचे स्टुडिओवाले बघितलेत. त्यांचे हळदीचे फोटो एक नंबर हायेत.''

मी त्या ठाणेवाल्यांची साइट उघडली. एक नंबर असणारच होते. सगळे सोनलताईंचे होते! आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हाच. स्टुडिओचं नाव मी घेत नाही, उगाच जाहिरात होईल.

ताईंनी लगेच धनेशला पुन्हा फोन केला. तो म्हणाला, ''ते पन बोलतात त्यांचेच हायेत. तुमचं नाव कुठं हाय त्याच्यावर?''

ताईंनी फोन ठेवला आणि आपलेच फोटो एकेक करून नाव शोधल्यासारखे बघू लागल्या. त्यांना असं खचलेलं मी पहिल्यांदाच बघत होतो आणि मला ते अजिबात आवडलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी त्यांना वॉटरमार्क शिकवला. फोटोवर आपलं नाव फिकट उमटवायचं, की झालं. ताईंनी प्रत्येक फोटोच्या कोपऱ्यात 'पूर्वी' घातलं. आठवड्याभरात ठाणेवाल्यांच्या साइटवर तेच फोटो आले, कोपरा कापून. ''पाण्याची खूण पाण्यातच गेली की हो,'' मी म्हणालो. त्यांना हसू आलं नाही. त्यांनी नाव उचललं आणि थेट फोटोच्या मधोमध घातलं, मोठ्ठं, नवरीच्या छातीवर आडवं. आता काप म्हणावं!

आणि एके सकाळी काल्हेरचे तुळशीराम तणतणत दुकानात आले. त्यांच्या लेकीचं, मैनाचं, नुकतंच लग्न झालं होतं. सासरच्या कुणा मामाने साइटवर तिचा फोटो पाहिला. नवरीच्या वेशातली मैना आणि त्यावर ठळक अक्षरांत 'पूर्वी'. मामाने विचारलं, ''म्हणजे हिचं पूर्वी पण एक लग्न झालंय काय?''

मला हसू आवरेना. मी कॅफेत पळालो, पण भिंत पातळ होती. तुळशीरामांना समजावता समजावता ताईंचा घसा बसला. त्यांनी ते नाव सगळीकडून पुसून टाकलं. कोपऱ्यात घालावं तर चोर कापतो, मध्ये घालावं तर नवरीची बदनामी.

तोडगा त्यांना सापडला तो घरच्या मोरीजवळ. शेजारच्या सीताबाई आपलं पातेलं न्यायला आल्या होत्या. दोन घरची भांडी एकत्र पडलेली. सीताबाईंनी एकेक उलटंसुलटं केलं, नाव वाचलं, आपलं उचललं आणि चालू लागल्या. ताई तशाच ओल्या हातांनी माझ्याकडे आल्या. म्हणाल्या, ''तुळशीराम, आपली माणसं फोटोवरचं नाव वाचोत न वाचोत, भांड्यावरचं वाचतातच.'' माझंही नाव तुळशीरामच आहे, हे मी सांगायचं विसरलो. त्या दिवसांत मला त्याची जरा लाजच वाटत होती.

हळदीच्या प्रत्येक फोटोत कुठे ना कुठे तांब्याचा हंडा असतोच. ताईंनी फोटोशॉपमध्ये त्या हंड्यांवर नाव घातलं, ठिपक्याठिपक्यांचं, भांडीवाला यंत्राने घालून देतो तसं. अक्षरं हंड्याच्या गोलाईबरोबर वळवली. 'सोनल, टेमघर' आणि खाली मोबाइल नंबर. गिऱ्हाइकाच्या अल्बममध्ये हंडा कोराच राहायचा. साइटवर मात्र नाव घातलेले फोटो टाकले, तेही मुद्दाम मोठे. ठाणेवाल्यांनी ते आनंदाने उचलले. कोपरे स्वच्छ, मध्यभाग स्वच्छ. चोर फक्त नवरीकडे बघत होता.

लग्नाला थोडेच दिवस उरले, तरी मानकोलीहून काही कळेना. ''जाऊ द्या ताई,'' मी म्हटलं. ''जाऊ का द्या? माझं काम आहे ते,'' त्या म्हणाल्या आणि अल्बम चिकटवू लागल्या. तेवढ्यात मोबाइल वाजला. हाताला डिंक होता म्हणून त्यांनी कोपराने स्पीकर दाबला.

''हंडेवाली सोनल हाय काय?'' बाईचा खणखणीत आवाज आला. ''मी मानकोलीशी द्रौपदी बोलतंय. ते ठानेवाले आल्बम दाखवाला बसलेत माझे समोर. जल्ला ज्या लग्नान बघावा त्या लग्नान तुजाच हंडा! काय चकचकीत ठेवलास गो! मना पन चार पायजेत हलदीला. भाडा काय घेतंस?''

मी हातातला कागद खाली ठेवला. ताईंनी डिंकाची बोटं हवेत तशीच धरली होती. आवाज मात्र नेहमीसारखा, ठाम.

''काकी, हंडे माझे नाहीत. फोटो माझे आहेत.''

पलीकडे अल्बमची पानं उलटल्याचा आवाज आला. एक, मग दुसरं, मग भराभर. मागे कोणीतरी पुरुष शुद्ध भाषेत काहीतरी समजावू लागला, त्याला काकींनी 'तू थांब रं' म्हणून गप्प केलं.

''सगले?''

''सगळे.''

''मंग तूच ये गो,'' काकी म्हणाल्या. ''हंडे हायेत आमचे घरान.''