आधीचं वजन, नंतरचं वजन

आपा चिडली की आवाज चढवत नव्हती, नुसती खुर्ची मागं सरकवून उभी राहायची, आन् तेवढ्यानंच आमच्या हापिसातल्या सगळ्यांची बोटं थांबायची. अशी एखादी बाई तुम्ही बी बघितली असंल. नांदेडात लेकरांच्या खुराकाच्या त्या हापिसात ती आकडेमोड बघायची, संख्याशास्त्र शिकलेली, आन् मी दहावी नापास, कडेवर पोरगी घेऊन आकडे भरायला लागलेली. मला कॉम्प्युटरचं लई भ्याव, बटण दाबलं आन् काही पुसलं तर? आपा म्हणायची, "मशीनला नको भिऊ, चुकीच्या नावाला भी."

त्या प्रोग्राममध्ये हरेक रकान्याला नाव द्यावं लागतंय. एकच नाव दोनदा दिलं की पहिले आकडे गायब, त्यांच्या जागी दुसरे बसतेत, आन् मशीन एक शब्द बोलत न्हाई. कुणी नुसतं 'वजन' लिहिलं की आपाची खुर्ची सरकलीच. "तुमच्या गल्लीत दोन शबाना असल्या तर काय म्हणता? टाकीजवळची शबाना, शिवणवाली शबाना. मग इथंच कंजूषी का?" वजन_आधी, वजन_नंतर, असं ती लिहून घ्यायची. मध्ये जागा सोडायची न्हाई, आकड्यानं सुरुवात न्हाई, आन् प्रोग्रामचे स्वतःचे जे शब्द हायेत त्यांना दुसऱ्याच्या ताटासारखं हात लावायचा न्हाई. माझी पोरगी रडली की तिला मांडीवर घेऊन चहात भिजवलेलं बिस्कूट चारायची, आन् तिच्या डोक्यावरून माझ्या स्क्रीनकडं बघत मलाच रागवायची.

साहेबाला हे नखरे वाटायचे. आपाजी, बारसं करून राहिल्या का, म्हणून हसायचा.

मग पाकिटांचा हिशेब आला. बिलोली, उमरी आन् आमच्या वस्तीतली लेकरं खुराकाची पाकिटं सुरू व्हायच्या आधी तोलली होती, काही महिन्यांनी पुन्हा तोलली. माझी पोरगी बी त्यातच. वजनात फरक दिसला तरच पाकिटं चालू राहणार होती. आपा तेव्हा बहिणीकडं लातूरला. साहेबानं घाईत दोन्ही रकान्यांना 'वजन' ठेवलं आन् फाइल तशीच सेव्ह केली. आधीचे आकडे गेले, नंतरच्यातून नंतरचेच वजा झाले, हरेक लेकरासमोर शून्य. त्यानं वर कळवून टाकलं, पाकिटांचा फायदा न्हाई, बंद करा.

मी घाबरले, पण त्याहून जास्त पेटले. माझी पोरगी आधी मांडीवरून उतरत नव्हती, ती आता भिंत धरून चालत होती, आन् हा माणूस शून्य म्हणतोय. रडत रडतच आपाला फोन केला. ती सकाळच्या एसटीनं आली, उभ्यानंच स्क्रीन बघितली.

"साहेब, एका बी लेकरात एका ग्रॅमचा फरक न्हाई? लेकरं हायेत का दगडं?"

साहेब म्हणला, बारीक चूक हाय, बोभाटा कशाला, पुढच्या वर्षी बघू.

"आन् तोवर काय खातील?"

अंगणवाडी केंद्रांवरच्या कागदांवरून आम्ही दोघींनी आधीची वजनं पुन्हा भरली. फरक निघाला, चांगला निघाला. आपानं साहेबाला न विचारता वर कळवलं, चूक कुणाची, कशी, ते बी. पाकिटं वाचली. आपाचं कंत्राट मात्र संपलं म्हणे. साहेब तिथंच हाय.

जायच्या दिवशी मी तिच्यावरच भडकले. गुपचूप दुरुस्त केलं असतं तर तुम्ही इथंच राहिला असता ना आपा, साहेबाचं नाव कशाला घातलं, आता मी एकटी काय करू?

पर्स काखेला अडकवत ती म्हणली, "गुपचूप केलं असतं तर त्यानं परत तेच केलं असतं. आन् तेव्हा तुझा फोन लागला नसता तर?"



आता ती लातूरला शिकवण्या घेती. पोरगी माझी घरभर पळती, दाराला धडकती, परत पळती. लोक म्हणतेत, लई वांड हाय. मला हसू येत न्हाई, साहेब आठवतो आन् अंगाची आग उठती. त्या शून्यांतलं एक शून्य ही होती.